हुद्दा

स्वयंपाकघरात, मोजे वाळत घातलेल्या हीटरशेजारी,
चार मिनिटांत मी पाद्री झाले.
देवाबद्दल एकही प्रश्न नव्हता.
नाव, आडनाव, ईमेल,
आणि एका चौकोनात बरोबरची खूण.
बटण दाबलं तेव्हा बटाटे उकळत होते,
सुरी टोचून पाहिली,
अजून कच्चेच होते.

डॅग्नी म्हणाली होती, आमचं लग्न तूच लाव.
मी म्हटलं, अगं, मी बर्फ ढकलणारी बाई,
मला माझं एक लग्न धड सांभाळता आलं नाही.
ती म्हणाली, गेल्या जानेवारीत
रोलंडच्या छातीत कळ आली, पहाटे तीनला,
तेव्हा पुढे तुझी गाडी होती
आणि मागे अँब्युलन्स.
प्रार्थना करणारे सकाळी उठले.

काउंटीच्या कचेरीत युनीस पावेकनं चष्मा लावला.
"कुठल्या चर्चच्या?"
"इंटरनेटच्या," मी म्हटलं.
ती हसली नाही.
वहीत नाव लिहिलं, शिक्का मारला,
आणि शिक्का बिशपच्या कागदावर उमटतो
तसाच उमटला, थोडा डावीकडे.

तीन आठवडे मी केबिनमध्ये सराव केला.
लेक सुपीरियरच्या काठाकाठानं, फाळ खाली सोडून,
वायरलेस बंद करून,
मोठ्यानं: "आज आपण इथे जमलो आहोत..."
समोर जमलेलं कोणी नाही.
दोन दिव्यांच्या उजेडात
अंगावर येत राहणारं नुसतं पांढरं.

जुनं चर्च एका कुंभारणीनं विकत घेतलंय,
म्हणून लग्न अग्निशमन केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये.
भाषणाचा कागद कोटात, कोट गाडीत.
मी बोलले ते असं:
"रात्री बर्फ पडेल. पडतोच.
सकाळी जो आधी उठेल
त्यानं दारापुढचा काढावा,
आणि दुसऱ्याला दिवसभर ऐकवू नये."
लोक हसले. रोलंडनं नाक पुसलं.
मग कायद्याला जे विचारायचं होतं ते विचारलं.
डॅग्नीचं "हो" जरा जास्तच मोठ्यानं आलं,
रोलंड कानातलं यंत्र घरी विसरला होता.

बुधवारी युनीसनं कागद परत सरकवला.
"हुद्दा" या रकान्यात
बावीस वर्षांच्या सवयीनं
मी लिहून बसले होते: चालक.

खाडाखोड चालत नाही.
नवा कागद, सगळ्यांच्या सह्या पुन्हा,
आणि पाच दिवसांतला एकच उरलेला.

संध्याकाळी गेले तर रोलंड पायजम्यात,
टेबलावर गोळ्यांचा डबा, बुधवारचा कप्पा उघडा,
वाटाण्याचं सूप नुकतंच वाढलेलं.
साक्षीदार सोल्वे आली ती केसांना रंग लावलेल्या अवस्थेत,
डोक्याला किराणा दुकानाची पिशवी गुंडाळून.
दुसरा साक्षीदार डेल, कुत्र्यासकट.
या वेळी कोणी फुलं आणली नव्हती,
मलाही काही बोलायचं नव्हतं.
पेन हातोहात फिरलं.
सही करताना डॅग्नीनं जीभ दातांत धरली,
शाळेतल्या पोरीसारखी,
आणि तेवढ्यात रोलंडनं, कोणी न सांगता,
तिच्या सुपावर ताटली झाकली.

लग्न लागलं ते तेव्हा, माझ्या मते.
पण माझं मत विचारणारा रकाना
कागदावर नव्हता.
होता त्यात मी सावकाश लिहिलं: पाद्री.
शेवटचं अक्षर कुत्र्यानं कोपराला ढोसल्यामुळे
वर गेलं. युनीसला ते चाललं.

त्या रात्री माझी पाळी होती.
अकराच्या सुमाराला वायरलेसवर कंट्रोलचा आवाज,
हसू दाबत: "रेव्हरंड,
चार नंबरच्या रस्त्यावर झाड आडवं झालंय,
पलीकडे दोन घरं आहेत."
"निघाले," मी म्हटलं,
आणि फाळ खाली घेतला.